जुना रिपोर्ट, नवा गुडघा

सातमावशीने आयुष्यात एकच गोष्ट न तपासता घेतली, ती म्हणजे नवरा. तोही लग्नानंतर तपासलाच. बाकी सगळं ती उलटंसुलटं करून, वास घेऊन, नखाने टोकरून मगच घरात आणते. मासा घेताना कल्ले उघडून बघते ते ठीक, पण विकणारीचे डोळेही बघते. टीव्हीवरच्या हवामानवाल्या मुलीने 'उद्या ऊन' म्हटलं की मावशी रोपांवर जाळी ओढते. "पोरगी हसत हसत सांगतेय, मास्तर. खरं सांगणारी माणसं हसत नाहीत." मास्तर म्हणजे मी, तिच्याच आळीतला शाळामास्तर.

मुळात ती सातवी नाहीच. आमच्या सादेकमध्ये, म्हणजे मेकाँग नदीच्या या सगळ्याच मुलखात, पहिल्या मुलाला 'दुसरा' म्हणतात आणि दुसऱ्याला 'तिसरा'. भुताखेतांचा डोळा पहिल्या मुलावर असतो; त्यांना तो सापडूच नये म्हणून आम्ही मोजायलाच दोनपासून लागतो. मावशीचा नवरा आईबापाचा सहावा, म्हणून तो सातवा. नवऱ्याचा नंबर बायकोला लागतो, म्हणून तो सातकाका आणि ही सातमावशी. नवरा गेला, नंबर राहिला. ज्या गावात मूल जन्मल्याबरोबर भुतांना थापा मारायला सुरुवात होते, तिथे माणसांच्या शब्दावर किती विसंबायचं हा प्रश्नच आहे. मावशीने तो फार पूर्वी सोडवला होता. अजिबात विसंबायचं नाही.

तिची शेती पाण्यावर. पाण्यात खांब रोवून केलेले मांडव, त्यांच्यावर ओळीने टोपल्या आणि टोपल्यांत शेवंती. भाताची मूद पाडावी तशी गोल शेवंती, नवीन वर्षाला दारोदार लागते ती. दोन ओळींच्या मधून होडी जाते. होडीच्या फळीवर उजवा गुडघा टेकायचा, डावा पाय रोवायचा आणि एकेका रोपाचे शेंडे खुडत पुढे सरकायचं. चाळीस वर्षं मावशीने हे केलं. मग एक दिवस उजव्या गुडघ्याने सांगितलं, आता पुरे.

गेल्या मोसमात तिला काठावरून होडीत उतरताच आलं नाही. काठावर खुर्ची टाकून ती माणसांना ओरडून सांगत बसली आणि माणसांनी नको ते शेंडे खुडले. अर्धी शेवंती एका अंगाला कलली, जणू कान देऊन काही ऐकतेय. "काठावरून शेती म्हणजे फोनवरून स्वयंपाक," मावशी म्हणाली. साइगॉनला असलेल्या तिच्या मुलीने, दाओने, इथल्याच मोठ्या इस्पितळात गुडघा बदलायची तारीख घेतली तेव्हा मावशी एका अटीवर कबूल झाली. "मला परत माझ्या पायाने होडीत उतरायचंय. ते होणार नसेल तर आहे तो गुडघा बरा. निदान त्याच्या खोड्या मला माहीत आहेत."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो इस्पितळाच्या फोनने. ऑपरेशनच्या आधी दोन बैठका होतील, त्यात मनाची तयारी करून घेतली जाईल, असं कोणा सुओंग नावाच्या परिचारिकेने कळवलं.

मावशीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "गुडघा बदलायचाय ना? मग मनाला कशाला हात लावतायत?"

"पद्धत असेल, मावशी. मन तयार असलं की माणूस लवकर बरा होतो म्हणे."

"आणि बरा होणार नसला, की तेव्हाच मन तयार करतात," मावशी म्हणाली.

हे ती का म्हणाली ते सांगायला मला सातकाकांकडे जावं लागेल, आणि त्यात माझाही हात आहे.

सहा वर्षांपूर्वी सातकाकांच्या पोटात गाठ निघाली. वाईट गाठ. आमच्याकडे अशा वेळी रोग्याला काही सांगत नाहीत. घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात आणि घरचे आत जाऊन हसतात. मावशीने रिपोर्ट हातात घेतला, ओढणीने डोळे कोरडे केले आणि आख्ख्या आळीची तालीम घेतली. पोटाला सूज आहे असं म्हणायचं. रडायचं असेल त्याने आपापल्या घरी रडायचं. फळं आणायची, पण फार महागाची नाहीत, त्याला संशय येईल. वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण काकांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं (चष्मा मावशीने आदल्या दिवशीच तांदळाच्या डब्यात दडवला होता) आणि शाळामास्तर खोटं बोलत नाही अशी काकांची समजूत होती. मी खणखणीत आवाजात वाचलं, "जठराला सूज. तिखट वर्ज्य."

"दुसऱ्या पानावर काय आहे, मास्तर?" काकांनी विचारलं.

"औषधांची नावं."

दुसऱ्या पानावर औषधांची नावं नव्हती.

चार महिन्यांनी काका गेले. मावशीने ते नाटक इतकं चोख बसवलं होतं की आळीत अजून लोक त्याची आठवण काढतात. आता अडचण अशी झाली की त्या नाटकातली सगळी नटमंडळी जिवंत होती, आणि या खेपेला रोग्याच्या खाटेवर खुद्द दिग्दर्शिका होती.

पहिल्या बैठकीला मीच तिला मोटरसायकलवरून घेऊन गेलो. मागे बसून ती वाटभर आरशातून माझं तोंड न्याहाळत होती. सुओंग तिशीची, किडकिडीत, केस घट्ट बांधलेली. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरी कोण कोण असतं? उंबरा किती उंच? रात्री झोप लागते का? कशाची भीती वाटते? आणि शेवटी, "गुडघा बरा झाल्यावर सगळ्यात आधी काय करावंसं वाटतं, मावशी?"

मावशीने माझं मनगट असं धरलं की माझं घड्याळ बंद पडलं असतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ऐकलंस? शेवटची इच्छा विचारली मला."

"अहो, तसं नाही ते."

"सातकाकांना मी कसं विचारलं होतं? 'बरे झालात की काय खावंसं वाटतं हो?' अगदी याच आवाजात."

त्याच आठवड्यात दाओने साइगॉनहून पाखराच्या घरट्याच्या सरबताची पेटी पाठवली. आजाऱ्याला द्यायची आमच्याकडची ही सगळ्यात मानाची भेट. मावशीने पेटीकडे विंचवाकडे बघावं तसं बघितलं आणि मुलीला फोन लावला.

"किती दिवस सांगितलेत?"

"कसले दिवस, आई?"

"पेटी पाठवलीस ती."

"तुझ्या अंगात जोर यावा म्हणून पाठवली!"

"गुडघ्याला कोणी पाखराचं घरटं पाजतं का? तुझ्या बापाला मी दोन पेट्या पाजल्या होत्या. मला शिकवतेस?"

शेजारणीने कोंबडी पाठवली. वीस वर्षं बांधावरून भांडणारा शेजारी आपणहून येऊन मावशीचं कुंपण बांधून गेला. गरीब बिचारा चांगलं वागायला गेला आणि संशयावर शिक्कामोर्तब करून बसला. मी गुडघ्याचा रिपोर्ट वाचून दाखवू लागलो तेव्हा मावशीने तो माझ्या हातातून काढून घेतला. "तू नको. तुला मीच तयार केलंय."

आणि खरोखरच तिला कोणी उरलं नव्हतं. खरं सांगणारं एक माणूस हवं होतं, आणि ओळखीतल्या प्रत्येकाला तिने स्वतःच्या हाताने गोड बोलायला शिकवून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "लाय वुंगला चल. तिथे मला कोणी ओळखत नाही."

लाय वुंगला तिने कोणाला गाठावं? बदकांच्या डॉक्टरला. तिचा हिशेब सरळ होता. जनावरांच्या डॉक्टरला खोटं बोलायची सवय नसते, कारण त्याच्या रोग्याचे नातेवाईक बाहेर उभे राहून खुणा करत नाहीत. तो माणूस पाचसहाशे बदकांना टोचून नुकताच हात धूत होता. मावशीने गुडघ्याचा एक्स-रे आणि रिपोर्ट पुढे केले. "माझ्या जावेचे आहेत."

त्याने एक्स-रे उन्हात धरला. "झीज आहे. हाडावर हाड घासतंय."

"गाठबीठ?"

त्याने रिपोर्टची दोन्ही पानं वाचली. "गाठ नाही. बाकी सगळं धडधाकट दिसतंय."

"बदकाला असं झालं असतं तर?"

"बदकाला असं झालं असतं, तर वहिनी, मी जेवायलाच थांबलो असतो."

मावशीचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. तेवढ्यात त्या भल्या माणसाचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. त्याने घाईघाईने खुर्ची आणली आणि एक शहाळं फोडून दिलं. झालं! परतीच्या वाटेवर आरशात पुन्हा तेच डोळे. "खुर्ची का दिली त्याने? आणि शहाळं? त्याला दया आली, मास्तर."

दुसऱ्या बैठकीला ती भांडायच्या तयारीनेच गेली. खुर्चीत बसायच्या आत म्हणाली, "पोरी, आडपडदा नको. मी मरणार आहे का?"

मला वाटलं आता सुओंग हसेल, तिचा हात हातात घेईल, 'छे छे, मावशी' म्हणेल. तसं झालं असतं तर मावशी तिथूनच परत फिरली असती. सुओंग हसली नाही.

"गुडघ्याने नाही मरणार. ऑपरेशनमध्ये कधीकधी माणूस दगावतो. फार क्वचित. पण कधीच नाही असं मी म्हणणार नाही."

मावशी हळूच खुर्चीत बसली. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने तिच्याबद्दलचं काही वाईट तिच्याच तोंडावर सांगण्याची ही तिच्या हयातीतली पहिलीच वेळ होती.

"मग तो शेवटची इच्छा विचारल्याचा प्रकार काय?"

"तुम्ही कशासाठी दुखणं सोसणार ते मला माहीत पाहिजे. नुसतं 'पाय वाकवा' म्हटलं तर कोणी वाकवत नाही."

"दुखणार म्हणजे?"

"खूप दुखणार. पहिल्या दिवशी त्या मानाने कमी, सुईचा अंमल असेल. दुसऱ्या दिवशी उभं करू तेव्हा तुम्ही मला शिव्या द्याल."

"मी शिव्या देत नाही."

"द्याल. पाय सुजेल, गरम लागेल, त्याने घाबरायचं नाही. पण पोटरी दुखायला लागली किंवा दम लागला तर लगेच सांगायचं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बधिर वाटेल. चालताना कट्‌कट्‌ आवाज येईल. तिसऱ्या दिवशी काही कारण नसताना रडू येईल. आणि घरी गेल्यावर पाचव्या आठवड्यात वाटेल, कुठून ही दुर्बुद्धी झाली."

मावशी माझ्याकडे वळली. "मास्तर, लिही. सगळं लिही आणि खाली तिची सही घे."

"सही कशाला, मावशी?" सुओंगने विचारलं.

"एक जरी खोटं निघालं तरी तुला धरायला."

सुओंगने सही केली. खाली तारीखही घातली.

मग तिने मावशीला डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. जेव्हा फार दुखेल तेव्हा असाच श्वास घ्यायचा आणि मनातल्या मनात होडीत उतरायचं. मावशीने एकच डोळा मिटला, दुसरा सुओंगवर.

"उतरलात?"

"नाही. होडीत पाणी साचलंय. आधी उपसायला पाहिजे."

"मग उपसा."

"करवंटी कुठे ठेवलीय या लोकांनी," मावशी पुटपुटली, आणि तिचा दुसराही डोळा मिटला.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाओ आणि मी खाटेपाशी होतो. सुओंगने आधाराने चालायची चौकट पुढे ठेवून मावशीला उभं केलं. मावशीने पहिलं पाऊल टाकलं आणि सुओंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी सादेकमध्ये जन्मलो, वाढलो, तरी त्यातल्या दोन शिव्या मला नवीन होत्या. मग ती थांबली, घाम पुसला आणि मला म्हणाली, "दुसरा दिवस. शिव्या. बरोबर आहे तिचं. खूण कर."

त्या कागदाचा असा विलक्षण उपयोग झाला. पाय सुजला, मावशीने कागद बघितला, खूण केली. बधिर वाटलं, खूण केली. सुओंगला खोटं ठरवायच्या ईर्ष्येने ती प्रत्येक दुखण्याची वाट बघत होती, आणि ज्या दुखण्याची वाट बघितली त्याने तिला घाबरवलं नाही. गुडघा वाकवून घेताना तोंडाने मात्र अखंड चालू, "उपसतेय, उपसतेय, थांब, अजून दोन करवंट्या."

पलीकडच्या खाटेवर एक आठव्या नंबरचे आजोबा होते. त्यांचाही गुडघा, त्याच दिवशी बदललेला. ते उठायलाच तयार नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"काय हो, आठआजोबा, चालत का नाही?" मावशीने विचारलं.

"माझं बिघडलंय. हे लोक लपवतायत. एवढं दुखतं होय?"

"तुमच्या बैठका नाही झाल्या?"

"मुलांनी जाऊ दिलं नाही. उगीच घाबराल म्हणाले. मुंगी चावल्यासारखं होईल म्हणाले."

"चांगली असणार मुलं."

"फार चांगली हो."

"म्हणूनच," मावशी म्हणाली. तिने माझ्या हातून तो कागद त्यांच्या खाटेवर पोचवला. आजोबांनी तो दोनदा वाचला. 'कट्‌कट्‌ आवाज येईल' इथे येऊन म्हणाले, "माझाही येतोय!" आणि असे खुलले की जणू लॉटरीचा नंबर जुळला. दुपारी ते चौकट धरून दारापर्यंत गेले.

तिसरा दिवस आला आणि गेला. मावशी रडली नाही. संध्याकाळी तिने सुओंगला बोलावून कागदावर बोट ठेवलं. "पकडली! रडू नाही आलं."

"हरले, मावशी," सुओंग म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

पाचव्या दिवशी जेवणात पेज आली. सोबत तोंडीलावण्याला खारवलेल्या माशाच्या पाण्याची वाटी, त्यात लाल मिरचीचे दोन तुकडे. मावशीने वाटीकडे बघितलं आणि रडायला लागली. दाओ धावली, मी धावलो. गुडघा दुखतोय का? नाही. मग?

"त्याने मिरची सोडली होती," मावशी म्हणाली.

आम्हाला कळेना.

"तुझा बाप गं. मिरचीशिवाय घास न गिळणारा माणूस. सूज आहे म्हणून आपण सांगितलं, तर चार महिने अळणी पेज जेवला. दुखलं की मला विचारायचा, 'मी काय चुकीचं खाल्लं गं?' आणि मी म्हणायचे, 'काल तुम्ही लोणचं चाखलंत ना, त्याने.' सगळं दुखणं त्याच्या माथी मारलं मी. मला निदान हा कागद मिळाला. त्याला कोणी कागद दिला?"

दाओ तिच्याजवळ बसली. मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने मावशीने नाक पुसलं. "खूण कर, मास्तर. दोन दिवस उशिरा. पण आलं."

घरी आल्यावर पाचव्या आठवड्यात ती खरोखरच म्हणाली, कुठून ही दुर्बुद्धी झाली. दोन दिवस कोणाशी बोलली नाही, पाय वाकवला नाही. मग उठली, कागद काढला, स्वतःच खूण केली आणि पुन्हा वाकवायला लागली. आठव्या आठवड्यात काठीशिवाय बाजारात गेली आणि कोळणीचे डोळे बघून परत आली.

आमच्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात सातकाकांचं श्राद्ध आलं. देवघराशेजारी काकांचा फोटो असतो. हसायच्या बेतात आहेत पण अजून हसले नाहीत, असा. मावशीने मांडलेल्या ताटात आंबट माशाचं कालवण होतं, भात होता आणि मधोमध एक वाटीभर नुसत्या लाल मिरच्या. उदबत्ती लावून तिने मला हाक मारली. तिच्या हातात एक घडी पडून पिवळा झालेला रिपोर्ट होता.

"वाच."

"मावशी..."

"त्याला वाचून दाखव. या खेपेला जसं लिहिलंय तसं."

मी वाचलं. तीस वर्षं वर्गात वाचतो तसं, एकेक शब्द सुटा करून. पान संपल्यावर मी थांबलो.

"दुसरंही पान," मावशी म्हणाली. "त्याने विचारलं होतं तुला."

मी दुसरं पान वाचलं. दाओ रडत होती. मावशी रडत नव्हती. ती डोळे बारीक करून फोटोकडे बघत होती, बाजारात कोळणीकडे बघते तशी.

"मेला जरासुद्धा दचकला नाही," ती म्हणाली.

"फोटो आहे तो, मावशी."

"ते कळतं मला. पण मास्तर, चष्मा मी तांदळाच्या डब्यात ठेवला होता. तो गेल्यावर मला कुठे सापडला? त्याच्या उशीखाली. सहा वर्षं मी म्हणत होते, मीच जागा विसरले असेन." तिने फोटोची काच बोटाने पुसली. "माझ्यासमोर चार महिने अळणी पेज गिळत बसला. मला संशय येतोय."

तिने वाटीतली एक मिरची उचलून भाताच्या अगदी वर ठेवली, काकांच्या हाताला लागेल अशी.

मग तडक काठावर गेली. शेवंतीची शेवटची खुडणी उरली होती. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. सुओंगने शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा पाय आधी. मावशीने आधी वाकून होडीतलं पाणी उपसलं, फळी हाताने दाबून बघितली, आणि मग नवा पाय खाली सोडला. होडी हलली. ती क्षणभर तशीच थांबली, एक पाय काठावर, एक होडीत, कान गुडघ्याकडे.

कट्‌ असा आवाज आला.

"हा लिहिलेला आहे," मावशी म्हणाली, आणि दुसरा पाय आत घेतला.